चार सेकंदांचा वॉर्ड

१

तापीकाठ आरोग्य मंदिराच्या पुरुष वॉर्डात गुरुवारी दुपारी नऊ नंबरचे सुपडू आबा पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत सापडले. डावं मनगट मोडलेलं, कपाळाला खोक, उजवा पाय तर आधीपासूनच प्लास्टरमध्ये. एवढं होऊनही बेलच्या मशिनचं म्हणणं असं की, आबांच्या सेवेत तिळाएवढीही कसूर झालेली नाही. नऊ नंबरची बेल वाजली तीन वाजून पंधरा मिनिटं वीस सेकंदांनी आणि सिस्टर हजर झाली तीन वाजून पंधरा मिनिटं चोवीस सेकंदांनी.

चार सेकंद. चार सेकंदांत माणूस पलंगावरून पडू शकतो, हे खरं. पण तेवढ्यात त्याच्या कपाळावरचं रक्त वाळत नाही, आणि राखी दोन मिनिटांत पोचली तेव्हा ते वाळून खपली धरायला लागलं होतं.

राखी हॉस्पिटलची दर्जा अधिकारी. मुळात नर्सच, पण सात वर्षं वॉर्डात राबल्यावर तिला एक संगणक, फिरती खुर्ची आणि 'क्वालिटी बेन' हे गुजराती वळणाचं नाव मिळालं होतं. नर्सिंगचा दर्जा मोजायचा, घसरला तर वर आणायचा, हे तिचं काम. सहा महिन्यांत तिने इतका दर्जा वर आणला होता की आता वॉर्डात पाय ठेवायलाही फॉर्म भरावा लागे.

आबांच्या शाबूत मनगटावरचं घड्याळ दोन चाळीसला थांबलं होतं. राखीला क्षणभर बरं वाटलं. शाळेत असताना लायब्ररीतून आणलेल्या रहस्यकथांत असंच घड्याळ थांबायचं आणि तिथून पुढे सगळं सोपं जायचं.

"आबा, दोन चाळीसला पडलात का?"

"ते?" आबांनी घड्याळाकडे मायेने पाहिलं. "ते दिवाळीपाईन तठेच शे. पोऱ्याना लगनमा भेटेल शे. शोभासाठे घालस."

"मग पडलात कधी? आणि उठायच्या आधी बेल का नाही दाबली?"

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना देवळाची घंटा चोरायला सांगितलं होतं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अडीचला आलेल्या चहाचा कप कपाटावर रिकामा होता. चहा प्यायले, तो अंगात उतरला, आबांना उठावंसं वाटलं. इथपर्यंत कोड्यात काही नव्हतं.

कोडं योगराज साहेबांनी घातलं. साहेब हॉस्पिटलचे व्यवस्थापक. कुठल्याही संकटावर कागद लॅमिनेट करून भिंतीला लावणं हा त्यांचा उपाय. पुरुष वॉर्डाचं 'सरासरी प्रतिसाद: चार सेकंद' हे प्रमाणपत्र त्यांनीच दारावर लावलं होतं. बाकीच्या वॉर्डांची सरासरी होती सहा मिनिटं.

"सोमवारी तपासणी समिती येतेय," ते म्हणाले. "समितीच्या अध्यक्षांनी फोन करून विचारलं, चार सेकंद कसे? आणि आज हा म्हातारा. म्हणजे नोंदींत कोणीतरी हात मारतंय. शनिवारी पाचला मला अहवाल पाहिजे. अहवालात एक नाव पाहिजे. आणि नाव तुला माहीत आहे."

नाव मंगलाबाईंचं होतं. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर. तेहतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला एकोणीस दिवस. नर्सिंगची पोथी राखी कॉलेजात शिकली होती. पण माणसाच्या अंगाखालची चादर त्याला न उठवता कशी बदलावी, हे तिला मंगलाबाईंनी शिकवलं होतं. अहवालात त्यांचं नाव आलं तर तेहतीस वर्षांच्या सेवापुस्तकाचं शेवटचं वाक्य 'हलगर्जीपणा' हे होणार होतं.

"बाई असं करणार नाहीत, साहेब."

"मग गुरुवारी अडीच ते सव्वातीन त्या कुठे होत्या?"

वॉर्डात कोणालाच ते माहीत नव्हतं. आणि मंगलाबाई सांगायला तयार नव्हत्या.

२

शुक्रवारी सकाळी राखी कोसाडच्या घरातून निघाली ती डोकं भणभणतच. घरातही तपास चालू होता. तिच्या आईचं, चंपाबाईंचं, म्हणणं होतं की गॅस संपल्याचं तिला कोणी सांगितलं नाही. वडील काशीराम म्हणत होते, त्यांनी परवाच सांगितलंय.

"कधी सांगितलं?" आई विचारत होती. "मी काय बहिरी आहे का? बहिरे तुम्ही."

"सांगितलं म्हणतो ना."

चौतीस वर्षं संचाखात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवून काशीरामच्या कानात आता फक्त खटखट उरली होती. राखीने जाताजाता गॅसच्या रिकाम्या टाकीच्या गळ्यात अडकलेलं पोतेरं काढून मोरीत टाकलं आणि बस पकडली.

पहिला जबाब चंचलचा. गुरुवारी दुपारी ड्युटीवर तीच होती. वय तेवीस, माहेर नवागामचं, घरात अहिराणी, मैत्रिणींत गुजराती आणि घाबरली की हिंदी.

"सच्ची बोलते बेन, बेल वाजलीच नाही. मी काचेच्या केबिनमध्येच होते. कॉम्प्युटर बघा."

कॉम्प्युटर तिच्या बाजूने होता. अडीच ते तीन पाच या वेळात चंचलने एकतीस नोंदी भरल्या होत्या. जेवण केलं का, झोप लागली का, सिस्टरचं बोलणं गोड वाटलं का. तीन वाजून दोन मिनिटांची नोंद अशी: 'नऊ नंबर. रुग्ण समाधानी.'

"हे तू त्यांना विचारलंस?"

चंचल खाली बघू लागली. "विचारायला गेले तर नोंदी राहतात. नोंदी राहिल्या की तुम्ही ओरडता."

क्वालिटी बेनने नोंदींचा कागद उलटा ठेवला.

"मग सव्वातीनला?"

"तीन पाचला राउंड सुरू केला. एक नंबरपासून. नऊ नंबर कोपऱ्यात. पोचले तर बाबा खाली."

"आणि बेल वाजली तेव्हा तू कुठे होतीस?"

"जवळच होते," चंचल म्हणाली आणि घाईघाईने थर्मामीटर झटकू लागली. ते डिजिटल होतं.

दुसरा गजेंद्र. बेलचं मशिन त्याने बसवलेलं. तो मशिनबद्दल असा बोलायचा, जसं लोक शिकलेल्या भाच्याबद्दल बोलतात.

"माणूस खोटं बोलेल. हे नाही बोलणार." त्याने दोन महिन्यांचा कागद उलगडला. कागद टेबलावरून उतरून दाराबाहेर गेला. "पासवर्ड फक्त माझ्याकडे. मंगलाबेननी हात मारला म्हणता? त्या तर कालपर्यंत याला रेडिओ समजत होत्या."

"मग चार सेकंद?"

"तेच मला कळत नाही." गजेंद्रचा आवाज खाली आला. "बेन, मी बारा हॉस्पिटलांत हे बसवलं. सगळीकडे बेल कधीही, कुठलीही वाजते. इथे बघा. सकाळी नऊला एक नंबर वाजला. मग दोन. मग तीन. मग चार. बाराला पुन्हा एक, दोन, तीन. तीनला पुन्हा तेच. मधल्या वेळेत दोन महिन्यांत एकही बेल नाही."

राखीने कागदावर बोट फिरवलं. खरंच होतं. वॉर्डातली अठ्ठावीस माणसं रोज ठरल्या वेळी, रांगेत, एकामागून एक अडचणीत येत होती.

३

तिसरा पंडित. सफाईवाला. आबांच्या पलंगाजवळ पावणेतीनला तो दिसला होता, असं दोघांनी सांगितलं.

"होतोच," पंडित म्हणाला. "मी नसतो तर माझा फॉर्म कोण भरणार?"

पंडितचा फॉर्म म्हणजे अक्षरांचा हार. पूर्वी तो नुसता झाडू मारायचा. क्वालिटी बेनने फॉर्म दिल्यापासून तो इतिहास लिहीत होता. गुरुवारच्या रकान्यात होतं: '२:४५. नऊ नंबर. सलाइनच्या दांड्यावर अस्वच्छ चिंधी १. काढली.'

"तुमच्या यादीत सतरा नंबरला आहे, बेन. 'स्टँड, खिडकी, पलंग यांवर लोंबणारे कापड काढणे.' रोज दहा-बारा निघतात. सगळ्या ठेवल्यात. पुरावा पाहिजे म्हणाला होतात ना."

त्याने कपाटातून प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. तारखांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. जुन्या धोतराचे, टॉवेलचे, लुंगीचे फाडलेले पट्टे. गुरुवारच्या पिशवीत वर होती आबांच्या टॉवेलची निळी किनार.

"यांना दुसरा उद्योग नाही," पंडित म्हणाला. "फडकी फाडायची आणि बांधायची. बरं, बांधा, पण काहींना एक गाठ, काहींना दोन. सोडवता सोडवता नखं गेली. फॉर्मात गाठींचा रकाना नाही, म्हणून लिहिलं नाही."

"आबा काही बोलले तुला?"

"मी चिंधी काढली तर हात जोडले. फार सभ्य माणूस. निवांत पडून राहिले."

राखीने ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे गेली. पुढे कित्येक दिवस तिला त्या 'पुढे गेली'ची लाज वाटत होती.

आठ नंबरवर शालिग्राम. आबांचे शेजारी, वय अडुसष्ट, ठार बहिरे. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे तोंड मोठं उघडून ओठ दाखवायचे. ते मात्र हॉस्पिटलबाहेरच्या अख्ख्या उधन्याला ऐकू जाईल असं बोलत.

"गुरुवारी. आबांकडे. कोण आलं होतं?" राखीने ओठांनी विचारलं.

"मास्तर उना," शालिग्राम गरजले. "उना, आनि गया बी. परत उनाच नही."

"कोण मास्तर आला आणि गेला?"

शालिग्रामनी वॉर्डाच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे पंडित बादली घेऊन उभा होता. पंडित चौथी नापास होता आणि त्याला आयुष्यात कोणी मास्तर म्हटलं नव्हतं. तो लाजला.

राखीने शालिग्रामच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

वळताना तिची चप्पल कशाला तरी अडली. वॉर्डाच्या बरोबर मध्यावर फरशीत चार खळगे होते, वाटीएवढे, चौकोनात. तिथे मंगलाबाईंचं टेबल असायचं. सागाचं, एक पाय आखूड, त्याखाली औषधाच्या खोक्याची घडी. राखी नवी होती तेव्हा त्या टेबलाशी बसून तिने रडतरडत पहिला मृत्यू नोंदवला होता, आणि मंगलाबाईंनी न बोलता खणातून चिकी काढून पुढे केली होती. आता तिथे मोकळी जागा होती. ट्रॉली सरळ जावी म्हणून.

अडीच वाजले. वॉर्डाच्या दारातून मंगलाबाई बाहेर पडल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि केबिनकडे न वळता तळमजल्याच्या जिन्याकडे वळल्या.

राखी मागोमाग निघाली.

४

जिना उतरून, धुलाईखाना मागे टाकून, मंगलाबाई भंगार सामानाच्या खोलीत शिरल्या. आतून कडी लागली नाही, कारण कडी भंगारातच जमा होती.

राखीने दार ढकललं. मोडक्या व्हीलचेअर, गंजलेले पलंग, आणि त्यांच्या मधोमध सागाचं टेबल. मंगलाबाई त्याच्याशी ताठ बसल्या होत्या, डोक्यावर टोपी, समोर स्टीलचा डबा. त्यांच्या पुढे भिंत होती.

"ये," त्या म्हणाल्या. "पकडलंस."

"बाई, हे काय?"

"जेवते. तेहतीस वर्षं याच टेबलावर जेवले. दुसरीकडे घास उतरत नाही." त्यांनी डब्याचं झाकण उलटं करून तिच्यापुढे वांग्याची भाजी ठेवली. "त्या काचेच्या केबिनमध्ये बसवलंस मला. काचेत मला माझंच तोंड दिसतं. रुग्ण एक दिसत नाही. माझं तोंड मी किती बघू?"

"गुरुवारी पण इथेच होतात?"

"रोजच असते. आता काय लिहिणार तू? मुख्य सिस्टर भंगारात बसून वांगं खात होत्या आणि वॉर्डात माणूस पडला. लिही. खरंच आहे ते." त्यांनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "निरोपाला लेकीने साडी घेऊन ठेवलीय. तिला काय सांगू तेवढं सुचव."

राखीने झाकण जवळ ओढलं. तिने वांग्यात भाकरी बुडवली. चव तीच होती, रात्रपाळी संपल्यावर सकाळी सातला मिळायची ती.

"बाई, पूर्वी बेल नव्हती. मग तुम्हाला कळायचं कसं, कोणाला काय हवंय?"

"कुठे कळायचं? मला काही कळायचं नाही." बाई जरा फुलल्या. "मी आपली रागवायला जायची. ह्या लूमवरच्या संचावाल्यांना एक घाणेरडी खोड. दांड्याला फडकी बांधायची. टेबलावरून सगळं दिसायचं. दिसलं फडकं की मी उठलेच. 'हे कोणी बांधलं? दवाखाना आहे का धोबीघाट?' फडकं सोडायचं, दोन शब्द सुनवायचे. आता गेलेच आहे तर भांडं देऊन यावं, कूस बदलावी, पाणी पाजावं. दिवसातून पन्नास वेळा रागवायची. पण सुधारले नाहीत. तेहतीस वर्षांत एकही माणूस सुधारला नाही."

"आणि कोणी पडलं?"

मंगलाबाईंनी बोटं मोजायला घेतली आणि मिटली. "तेहतीस वर्षांत एक. तो दारू पिऊन आलेला जमादार होता. रुग्ण कोणी नाही."

राखीचा घास तोंडाशीच थांबला. डोक्यात काहीतरी हललं होतं. जुनं, तेलकट वासाचं, खटखट वाजणारं. ते काय होतं, ते मात्र काही केल्या हाती येईना.

५

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा घरातला तपास निकालावर पोचला होता. काशीराम मोरीतून पोतेरं घेऊन बाहेर आले आणि त्यांनी ते आईपुढे धरलं.

"हे बघ. पुरावा. टाकीला बांधलेलं होतं का नव्हतं? मोरीत कोणी टाकलं?"

"मी टाकलं," राखी त्यांना ओठ दिसतील अशी वळून म्हणाली. "पोतेरं होतं ते."

"पोतेरं?" काशीराम हबकले. "अगं, दोन गाठी मारल्या होत्या."

राखी चप्पल काढता काढता थांबली.

"डबा आणायचीस तेव्हा दारात उभी राहून मोजायचीस ना तू," काशीराम म्हणाले. "विसरलीस?"

आणि मग ते आलंच. पांडेसरा, दुपारचे साडेबारा, शाळेचा गणवेश, हातात तीन कप्प्यांचा डबा. संचाखात्याचं दार उघडलं की आवाज अंगावर कोसळायचा. आत कोणी कोणाशी बोलत नसे, कारण बोलून उपयोग नसे. माणसं ओठांनी, भुवयांनी बोलायची. ज्याचा लूम अडला, तो कचऱ्यातली चिंधी उचलून लूमच्या खांबाला बांधायचा आणि उभा राहायचा. लूम दुरुस्त करणारा मास्तर दारातूनच सगळं खातं बघायचा. एक गाठ, म्हणजे सवडीने ये. दोन गाठी, म्हणजे आत्ता ये. तीन गाठी, म्हणजे मालकाला घेऊनच ये. लहानगी राखी दारात उभी राहून चिंध्या मोजायची आणि बाप जेवायला बसला की सांगायची, आज सात, त्यात दोन गाठींच्या तीन.

"बाबा," ती म्हणाली, "चिंधी कोणी काढली तर?"

"म्हणजे मास्तरनं पाहिलं. तो येणारच. मग आपण जागचं हलायचं नाही. विश्वास असतो."

"आणि लाल बटण?"

काशीरामचा चेहरा गंभीर झाला. "भिंतीवरचं? हात लावायचा नाही. ते दाबलं की अख्खी लाइन बंद. शंभर माणसांचं काम थांबतं. मास्तर शेजारी उभा राहून दाब म्हणाला, तरच दाबायचं. मी चौतीस वर्षांत दोनदा दाबलं. अजून स्वप्नात येतं."

हॉस्पिटलच्या बेलचं बटण तळहाताएवढं होतं. आणि लाल होतं. लांबून दिसावं म्हणून तो रंग कोणीतरी मुद्दाम निवडला होता.

राखीने पिशवीतून सुधारणांची फाइल काढली. टेबल हटवणे. चिंध्या काढणे. बटण लाल असावे. तिन्ही आदेश एकाच पानावर होते, आणि खाली ज्याने हे सगळं सुचवलं त्याची सही होती. नेटकी, तिरकी, शेवटी एक ठिपका देणारी.

ती सही राखीला चांगलीच ओळखीची होती. दर महिन्याला पगारपत्रकावर ती तशीच करायची.

६

शनिवारी साडेचारला तिने सगळ्यांना वॉर्डात बोलावलं. योगराज साहेब, मंगलाबाई, चंचल, गजेंद्र, पंडित. आबा आणि शालिग्राम पलंगावर होतेच. त्यांना दुसरीकडे कुठे जायचंही नव्हतं.

"नाव सापडलं?" साहेबांनी विचारलं.

"सापडलं. आधी एक प्रयोग." राखी आबांकडे वळली. "आबा, तहान लागली तर बेल दाबाल?"

आबांनी उशीखाली हात लपवला. बेल नको म्हणून.

राखी पलंगाला खेटून उभी राहिली. तिने आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "दाबा."

आबांनी लगेच बटण दाबलं. घंटी वाजली, राखीने ती बंद केली. मशिनने नोंद केली: नऊ नंबर, प्रतिसाद दोन सेकंद.

"विक्रम झाला," गजेंद्र पुटपुटला.

"चंचल," राखी म्हणाली, "राउंडला तू काय विचारतेस?"

चंचलच्या डोळ्यांत पाणी आलं. "बेल का नाही दाबली, असं विचारते. मग ते दाबतात. मग मी बंद करते. सगळे पेशंट तसंच करतात, बेन. एक नंबर, मग दोन, मग तीन. गुरुवारी आबा तर खाली पडलेले, तरी मी विचारलं. त्यांनी लोंबणारं बटण ओढून दाबलं. मला वाटलं, सांगितलं तर कोणी हसेल."

कोणी हसलं नाही. शालिग्रामना हे ऐकूच आलं नव्हतं.

"हे सगळे संचावाले," राखी म्हणाली. "लाल बटण मास्तर शेजारी असल्याशिवाय दाबायचं नाही, हे यांच्या हाडात आहे. अडचण आली की हे दांड्याला चिंधी बांधतात. आबांनी गुरुवारी अडीचनंतर बांधली. दोन गाठी. म्हणजे आत्ता या. मंगलाबाई टेबलाशी असत्या तर तिथल्या तिथे रागवायला आल्या असत्या. पण टेबल भंगारात आहे, आणि बाई त्याच्यामागे. पावणेतीनला चिंधी कोणी काढली?"

"मी," पंडित म्हणाला. "पण यादीत होतं."

"यादीत होतं. आबांना वाटलं, मास्तरने चिंधी काढली, म्हणजे तो आता येतोच. त्यांनी हात जोडले आणि वाट बघितली. किती वेळ, आबा?"

"धरीसन राहिनू," आबा हळूच म्हणाले. त्यांना चारचौघांत हे बोलायला लाज वाटत होती. "मास्तर गया ते उनाच नही. मंग म्हटलं, आपलं आपण जाऊ."

"आणि रोज अशा दहा-बारा चिंध्या आपण काढत होतो," राखी म्हणाली. "तारीख घालून, पिशवीत भरून. स्वच्छतेला शंभरपैकी शंभर देत होतो. दोन महिने हा वॉर्ड हाका मारत होता, आणि आपण हाका वेचून कपाटात ठेवत होतो."

योगराज साहेबांनी दारावरचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र पाहिलं. ते लॅमिनेट केलेलं असल्यामुळे फाडताही येत नव्हतं.

"हे सगळं ठीक. पण अहवालात नाव लागतं. मंगलाबाई जागेवर नव्हत्या, हे तर खरं ना?"

"खरं आहे. पण जागा त्यांची होती. ती मी काढून घेतली." राखीने अहवाल पुढे केला. "टेबल, चिंध्या आणि लाल बटण, तिन्ही आदेशांवर एकच सही आहे. एकच नाव पाहिजे होतं. लिहिलंय."

साहेबांनी वाचलं. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा वाचलं. दर्जा अधिकाऱ्याने अहवालात आरोपी म्हणून स्वतःचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट, लिहिलं होतं.

"पोरी," मंगलाबाई म्हणाल्या, "सतरा दिवसांसाठी कशाला? मी जाणारच आहे."

"म्हणूनच," राखी म्हणाली.

मंगलाबाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग त्यांनी भलत्याच गोष्टीवर बोट ठेवलं.

"म्हणजे ती फडकी मला बोलवायला होती?"

"हो."

"आणि मी तेहतीस वर्षं रागवत राहिले." त्यांनी आबांकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं का नाही हो?"

"काय सांगू, माय?" आबा म्हणाले. "सगळाच मास्तर रागवतस. पन तू येत व्हतीस."

७

सोमवारी समिती आली. साहेबांनी अहवाल पुढे ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू ते स्वतःची कुंडली जप्त करून देत आहेत. समितीने तो दोनदा वाचला, प्रमाणपत्र खाली उतरवायला सांगितलं, आणि सहा महिन्यांनी परत येतो म्हणाली. राखीचं दर्जा अधिकारीपद गेलं. शिक्षा म्हणून तिला परत पुरुष वॉर्डात सिस्टर नेमण्यात आलं. हे ऐकून काशीराम म्हणाले, बरं झालं, त्या फिरत्या खुर्चीने पोरीची मान धरली होती.

सागाचं टेबल चौघांनी वर आणलं. त्याचे पाय आपल्या खळग्यांत असे बसले, जसे जुने बूट पायात बसतात. आखूड पायाखाली काय घालावं हा प्रश्न आला, तेव्हा पंडितने चार सेकंदांचं प्रमाणपत्र आणून दिलं. जाडी बरोबर होती. गजेंद्रने लाल बटणांवर हिरवी टोपणं बसवली, आणि पंडितने फॉर्मातला सतरा नंबर खोडून तिथे सुंदर अक्षरात लिहिलं: 'चिंधीस हात लावू नये. बाईंना सांगावे.'

मंगलाबाईंचे उरलेले दिवस त्या टेबलाशीच गेले. शेवटच्या दिवशी लेकीने घेतलेली साडी नेसून त्या आल्या तेव्हा अठ्ठावीस पलंगांच्या अठ्ठावीस दांड्यांना चिंध्या होत्या. सगळ्यांना तीन तीन गाठी. राखीने जाऊन योगराज साहेबांना बोलावून आणलं, कारण तीन गाठींचा नियमच तसा होता. मालकाला घेऊन बाई पलंगापलंगाशी गेल्या, प्रत्येक गाठ स्वतः सोडली आणि प्रत्येकाला रागावल्या. अठ्ठावीस वेळा. आबांपाशी बाई नुसतीच गाठ सोडत राहिल्या, तेव्हा तेवढा राग राखीने पुरा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला राखी टेबलाशी एकटी बसली होती. खणात चिकीचा पुडा होता. बाई तो तसाच सोडून गेल्या होत्या. तिने एक तुकडा तोंडात घातला, आणि मान वर केली तर बावीस नंबरच्या दांड्यावर पांढरं काहीतरी हललं. दोन गाठी.

ती उठली. पदर नव्हता, तरी कमरेशी हात गेला.

"हे कोणी बांधलं?" ती म्हणाली. "दवाखाना आहे का धोबीघाट?"